मुरमाच्या वाटेवरचा न दिसणारा चढ

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. अकरावीचा तास संपवून मी बाहेर पडत होतो. तेवढ्यात चौसाळ्याजवळच्या एका वस्तीवरून सायकलने येणारी एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली व म्हणाली, "सर, मी महामार्गाने आले तर आईचा जीव टांगणीला लागतो, आणि पांदणीने आले तर माझे पाय भरून येतात. पांदण तर अगदी सपाट आहे. मग ती चढासारखी का वाटते?"

प्रश्न साधा दिसतो खरा, परंतु त्यात अर्धे यंत्रशास्त्र सामावलेले आहे. मी तिला म्हटले, "तुझे पाय खोटे बोलत नाहीत. त्या सपाट वाटेवर खरोखरच एक चढ आहे. तो फक्त डोळ्यांना दिसत नाही." हा न दिसणारा चढ किती असतो, तो कोठून येतो आणि तो कमी कसा करता येईल, हे आज आपण पाहू या. शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत काढू.

चाक आणि घर्षण

जड पेटी जमिनीवरून ओढताना होणारे घर्षण तुम्हाला माहीत आहे. पेटीखाली लाकडाचे गोल ओंडके ठेवले की तीच पेटी सहज सरकते. चाकाचा शोध म्हणजे या घर्षणावर माणसाने मिळवलेला विजय होय. परंतु हा विजय पूर्ण नाही. फिरत्या चाकालाही थोडे घर्षण होतेच.

ते का होते? सायकलचा टायर जमिनीला टेकतो तेथे तो किंचित चपटा होतो. चाक पुढे गेले की चपटा भाग पुन्हा गोल होतो व त्याच्यामागचा भाग चपटा होतो. रबर दाबण्यासाठी जेवढी ऊर्जा खर्च झाली, तेवढी सगळी ते परत देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. डांबरी रस्त्यावर एवढेच घडते. मुरमाच्या वाटेवर मात्र टायरबरोबर जमीनही दबते. खडे बाजूला सरकतात, एकमेकांवर घासतात. प्रत्येक खड्यावर चाक उचलले जाते आणि खाली आदळते. आपले हात, पाठ व मांड्या हे हादरे शोषून घेतात. या सर्व कामाची किंमत शेवटी पायडल मारणाऱ्या पायांनाच चुकवावी लागते.

हे घर्षण मोजण्याची रीत सोपी आहे. सायकल व स्वार यांचे एकूण वजन घ्यायचे व त्याला एका लहानशा गुणांकाने गुणायचे. साध्या सायकलसाठी हा गुणांक चांगल्या डांबरी रस्त्यावर सुमारे ०.००६, दाबून घट्ट केलेल्या मुरमावर सुमारे ०.०१५ आणि सुट्या खडीवर ०.०३ च्या आसपास धरता येईल. टायर कोणता, त्यात हवा किती यांवर हे आकडे कमीजास्त होतात. पण हिशेबासाठी ते पुरेसे आहेत.

स्वाराचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आणि दप्तरासह सायकलचे २० किलोग्रॅम समजा. एकूण ७० किलोग्रॅम, म्हणजे वजन ७० × ९.८ = ६८६ न्यूटन. आता गुणाकार करा. डांबरावर घर्षणाचे बळ सुमारे ४.१ न्यूटन येते, मुरमावर १०.३ न्यूटन आणि सुट्या खडीवर २०.६ न्यूटन.

आता चढाकडे वळू. १०० मीटर अंतर गेल्यावर रस्ता १ मीटर उंच होत असेल, तर त्याला आपण १०० ला १ चा चढ म्हणतो. अशा चढावर मागे खेचणारे बळ वजनाच्या शंभराव्या भागाइतके, म्हणजे ६.९ न्यूटन असते. मुरूम आणि डांबर यांच्या घर्षणातील फरक किती आहे? १०.३ वजा ४.१, म्हणजे ६.२ न्यूटन. याचा अर्थ असा की, सपाट मुरमावरून सायकल चालवणे आणि सुमारे ११० ला १ चा डांबरी चढ चढणे यांत पायांच्या दृष्टीने काहीही फरक नाही! ३ किलोमीटर सपाट मुरमावरून गेलात, तर पायांच्या हिशेबाने तुम्ही सुमारे २७ मीटर, म्हणजे नऊ मजली इमारतीइतके वर चढलात. हाच तो न दिसणारा चढ.

खऱ्या चढात आणि या चढात एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवा. मांजरसुंब्याचा घाट चढताना जी ऊर्जा खर्च होते, ती स्थितिज ऊर्जा म्हणून साठून राहते व उतरताना परत मिळते. मुरमाच्या वाटेवर खर्च झालेली ऊर्जा परत मिळत नाही. येताना चढ आणि जातानाही चढच!

वाऱ्याचा वाटा

सायकलस्वाराला दुसरा विरोध होतो तो हवेचा. ताठ बसून ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मुलाला हवा सुमारे ४ न्यूटन बळाने मागे लोटते. वेग दुप्पट केला तर हे बळ दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे १६ न्यूटन.

वारा समोरून ताशी १२ किलोमीटर वेगाने येत असेल आणि तुम्हीही त्याच वेगाने जात असाल, तर हवेच्या दृष्टीने तुमचा वेग २४ झाला. म्हणजेच हवेचा विरोध ४ वरून १६ न्यूटनांवर गेला. ही १२ न्यूटनांची वाढ मुरमाच्या ६ न्यूटनांच्या दुप्पट आहे. आषाढातल्या वाऱ्यात बालाघाटाच्या उघड्या माळावरून सायकल चालवणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी आणि शेतातली उभी पिके असतात. ती वारा अडवतात. डांबरी रस्त्यावर वाचलेले बळ अशा वेळी उघड्यावरच्या वाऱ्यात खर्ची पडते.

टायरमध्ये हवा किती?

शाळेत असताना मला वाटे की, टायर दगडासारखा टणक असला म्हणजे सायकल हलकी चालते. एकदा बाजाराला जाण्यापूर्वी मी पंप मारमारून हवा भरली. डांबरावर सायकल छान धावली. पांदणीला लागताच मात्र ती अशी उडू लागली की, कॅरिअरवरची पिशवी कोठे पडली हेही कळले नाही. पुढच्या वळणावर मीही पडलो. गुडघ्यावरची खूण अजून आहे. कारण पुष्कळ वर्षांनी कळले.

सायकल दुकानदार "चाळीस पौंड हवा" म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ दर चौरस इंचावर ४० पौंड दाब असा असतो. मागच्या चाकावर ९० पौंड (सुमारे ४१ किलोग्रॅम) भार आहे असे धरा. हा भार मुख्यत्वे आतली हवाच पेलते. म्हणून टायर जमिनीला किती जागेत टेकतो, ते भाराला दाबाने भागून काढता येते. ९० भागिले ४० म्हणजे सव्वादोन चौरस इंच. हवा ६० पौंड केली तर ही जागा दीड चौरस इंचावर येते.

डांबरावर टेकण्याची जागा कमी असणे चांगले, कारण रबर कमी दबते. मुरमावर परिस्थिती उलट आहे. थोडा मऊ टायर लहान खड्याला स्वतःत सामावून घेतो. खडा टायरात रुततो आणि स्वार जवळजवळ त्याच उंचीवर पुढे सरकतो. टणक टायर मात्र प्रत्येक खड्यावर सगळी सायकल स्वारासह उचलतो. म्हणून खडीच्या वाटेवर हवा थोडी कमी ठेवणे फायद्याचे ठरते. फार कमी केली तर टायर व रिम यांच्यात ट्यूब चिरडून पंक्चर होते, हेही विसरू नका.

हवेच्या टायरचा जन्मही खडबडीत वाटेमुळेच झाला. १८८८ साली जॉन बॉइड डनलप या बेलफास्टमधील पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी असा टायर बनवला. हवा भरलेल्या चाकाचे एकस्व रॉबर्ट टॉमसन याने १८४०च्या दशकातच घेतले होते, पण लोक ते विसरून गेले होते.

आज युरोप-अमेरिकेत खडीच्या वाटांसाठी खास 'ग्रॅव्हल' सायकली मिळतात. त्यांच्या टायरची रुंदी साधारण ४० मिलिमीटर असते. आता तुमच्या आजोबांची २८ इंची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ × १½ असे छापलेले असे. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! आपल्या पांदणींनी ही रुंदी केव्हाच पसंत केली होती.

मुरूम आणि काळी माती

मराठवाड्याची जमीन बेसाल्ट खडकाची आहे. हा खडक ऊन, पाणी व हवा यांच्यामुळे झिजत जातो. अर्धवट झिजला की मुरूम होतो, पूर्ण झिजला की काळी माती. म्हणजे आपल्या पांदणीतला मुरूम आणि चिखल हे एकाच खडकाचे वंशज आहेत. पण दोघांचा स्वभाव किती वेगळा!

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पुष्कळ असते. त्याची रचना पुस्तकाच्या पानांसारखी थरांची असते. पाणी या थरांमध्ये शिरते व माती फुगते. कोरडी झाली की आक्रसते आणि भेगा पडतात. ओल्या मातीचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि ती चाकाला चिकटतेही. सायकल दहा पावले जाते न जाते तोच मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो. मग सायकल आपल्याला न्यायची ती आपणच सायकलला खांद्यावर न्यायचे!

मुरमात लहानमोठे सर्व आकाराचे कण असतात. मोठ्या खड्यांमधील पोकळी लहान खडे भरतात आणि लहान खड्यांमधली पोकळी बारीक भुकटी भरते. थोडे पाणी शिंपडून रूळ फिरवला की सगळे एकमेकांत घट्ट अडकतात. एकाच आकाराची गुळगुळीत खडी कितीही दाबली तरी अशी बसत नाही. फोडलेले लहान दगड एकमेकांत अडकून घट्ट बसतात, हे स्कॉटलंडमधील जॉन मॅकॅडम याने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले. सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड दगड रस्त्यात घालू नये असा त्याचा दंडक होता. रस्ता कोरडा राहिला पाहिजे आणि त्यासाठी तो मध्यभागी किंचित उंच असला पाहिजे, असेही त्याने सांगितले. ३ मीटर रुंदीच्या पांदणीला दोन्ही बाजूंना ३० ला १ उतार द्यायचा, तर मध्यभाग कडेपेक्षा अवघा ५ सेंटिमीटर उंच लागतो. एवढ्या ५ सेंटिमीटरांवर आणि कडेच्या चारीवर वाट पावसाळ्यात टिकणार की नाही, हे ठरते.

दोन छोट्या रेल्वेंची गोष्ट

खडीच्या वाटा म्हणजे मागासलेपण असे कोणाला वाटत असेल, तर त्याला जरा दूर घेऊन जाऊ. स्पेनच्या ईशान्य भागात जिरोना नावाचे रोमन काळापासूनचे जुने शहर आहे. तेथून एक छोटी रेल्वे ओलोत या गावी, तर दुसरी सुमारे ४० किलोमीटरवरच्या सांत फेलिऊ या समुद्रकाठच्या गावी जात असे. दोन्हींच्या रुळांतील अंतर ७५० मिलिमीटर होते. १९६९ साली दोन्ही बंद पडल्या. रूळ निघाले, पण भराव, पूल आणि वाट शिल्लक राहिली. पुढे त्यावर बारीक खडी व माती दाबून पायी आणि सायकलने जाण्याच्या वाटा केल्या. स्पेनमध्ये अशा जुन्या रेल्वेमार्गांच्या 'हिरव्या वाटा' करण्याचा कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. मजेची गोष्ट अशी की, ओलोतचा परिसर आपल्यासारखाच ज्वालामुखींतून निघालेल्या बेसाल्टचा आहे.

रेल्वेची वाट सायकलला इतकी का मानवते? लोखंडी रुळावर लोखंडी चाकाचे घर्षण फार कमी असते; गुणांक सुमारे ०.००२. म्हणून सपाटीवर इंजिन अवजड गाडी सहज ओढते. पण चढाला ही सवलत नाही. १०० ला १ एवढ्या किरकोळ चढावर गुणांकात ०.०१ ची भर पडते, आणि लागणारे बळ एकदम सहापट होते. खंडाळ्याच्या घाटात ३७ ला १ चढ आहे. तेथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात ती उगाच नाहीत. म्हणून रेल्वेचा अभियंता चढ टाळण्यासाठी जिवाचे रान करतो. टेकडीला वळसा घालतो, खोलगट भागात भराव टाकतो, उंचवटा खणून काढतो. गाडी गेली तरी त्याचे हे कष्ट मागे उरतात. मुरमाचा न दिसणारा चढ सोसावा लागला, तरी डोळ्यांना दिसणारा चढ जवळजवळ नाहीसा झालेला असतो.

आपल्याही शेजारी अशी छोटी रेल्वे होती. चौसाळ्याहून धाराशिवच्या रस्त्याने दक्षिणेला गेले की येडशी लागते. तेथून बार्शी लाइट रेल्वे जात असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने ती १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे जिरोनाच्या गाडीपेक्षा अवघे १२ मिलिमीटर जास्त! तिच्या नशिबी सायकलची वाट होणे नव्हते. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर मार्ग मोठ्या रुळाचा झाला व त्यावरून आजही गाड्या धावतात. आपल्याला रेल्वेच्या वाटा नकोतही. आपल्याकडे त्याहून जुन्या, बैलगाडीच्या वाटा आहेत.

करून पाहा

तुमच्या वाटेचा गुणांक तुम्ही स्वतः मोजू शकता. साहित्य: एक सायकल, मोजपट्टी, चुना आणि सेकंद मोजणारे घड्याळ. वाहने नसलेली सपाट जागा निवडा. महामार्गावर हा प्रयोग मुळीच करू नका.

१० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा ओढा. दोन्ही रेघांमध्ये एकसारख्या वेगाने सायकल चालवा व मित्राला वेळ मोजू द्या. दुसरी रेघ ओलांडताच पायडल थांबवा. सायकल जवळजवळ थांबून पाय टेकावा लागेल ती जागा पाहा व रेघेपासूनचे अंतर मोजा. वेगाच्या वर्गाला 'दोन गुणिले ९.८ गुणिले अंतर' याने भागले की गुणांक मिळतो.

समजा, १० मीटरला ४ सेकंद लागले. वेग सेकंदाला २.५ मीटर झाला. मुरमावर सायकल २० मीटर गेली, तर गुणांक ६.२५ भागिले ३९२, म्हणजे ०.०१६. डांबरावर ती ४२ मीटर गेली, तर गुणांक ०.००७६ येईल. हे आकडे वर दिलेल्या आकड्यांपेक्षा थोडे अधिक आहेत. का, ते ओळखा पाहू! उत्तर असे की, यात हवेचा विरोधही मिसळला आहे.

प्रयोग एकदा जाताना आणि एकदा उलट येताना करा. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जागेत २०० ला १ उतार सहज लपलेला असतो. दोन्ही वेळच्या गुणांकांची सरासरी घेतली की तो निघून जातो. सरासरी गुणांकांची घ्या, अंतरांची नव्हे.

त्या मुलीचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, वस्तीपासून शाळा महामार्गाने ३ किलोमीटर आणि पांदणीने ३.६ किलोमीटर आहे. वेग दोन्हीकडे ताशी १२ किलोमीटर धरू.

डांबरावर एकूण विरोध ४.१ अधिक हवेचा ४, म्हणजे ८.१ न्यूटन. ३,००० मीटरसाठी कार्य सुमारे २४,३०० ज्यूल. मुरमावर विरोध १४.३ न्यूटन आणि ३,६०० मीटरसाठी कार्य सुमारे ५१,५०० ज्यूल. म्हणजे पांदणीने दुपटीहून अधिक कार्य करावे लागते. त्या मुलीचे पाय खरेच सांगत होते. वेळही १५ मिनिटांऐवजी १८ मिनिटे लागतो.

पण हे जादा कार्य, २७,२०० ज्यूल, म्हणजे नेमके किती? आपले शरीर अन्नातील ऊर्जेचा सुमारे चौथा भागच कार्यात बदलू शकते. म्हणून अन्नातून सुमारे १,०९,००० ज्यूल, म्हणजे २६ किलोकॅलरी लागतील. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सुमारे १७५ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पांदणीची सगळी किंमत चतकोर भाकरीपेक्षाही कमी!

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. चौसाळ्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आता चौपदरी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मालमोटारीसमोर सायकल आली, तर चालकाला ते कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे येते. घर्षण गुणांक ०.५ धरला, तर ब्रेक लागल्यावर ती आणखी सुमारे ५० मीटर घसटत येते. एकूण ७२ मीटर. चालक कितीही सज्जन असला तरी हे अंतर त्याला कमी करता येत नाही. भौतिकशास्त्राचे नियम कोणाला ओळखत नाहीत. पांदणीत समोरून येते ती बैलगाडी, फार तर एखादा ट्रॅक्टर.

पांदणीचेही धोके आहेत, ते लपवू नयेत. सुट्या खड्यांवर टायरची पकड निम्म्याहून कमी होते. ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर डांबरी रस्त्यावर ताशी २१ किलोमीटर वेग चालतो, पण सुट्या खडीवर १४ च्या वर गेलात की घसरणार. म्हणून वेग वळणाआधी कमी करा, वळताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. दिवस बुडाल्यावर एकटे जाऊ नका.

२०२१ साली राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू केली. तिचा उद्देश शेतमाल व यंत्रे शेतापर्यंत नेता यावीत हा आहे. पण ज्या वाटेने कापूस-सोयाबीन येते, त्याच वाटेने मुलेही शाळेत येऊ शकतात. तुमच्या गावची पांदण गावनकाशात कोठून कोठे जाते, ते पाहा. वर सांगितलेला प्रयोग करून तिचा गुणांक काढा. कोठे चिखल साचतो, कोठे काटेरी कुंपण आत आले आहे, कोठे नळी टाकावी लागेल, याचा एक तक्ता करा. शिक्षकांनी हा तक्ता मुलांसह ग्रामसभेत मांडावा. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजून आणलेला आकडा अधिक ठामपणे बोलतो.

त्या विद्यार्थिनीला मी हा सगळा हिशेब फळ्यावर करून दाखवला. तिने तो वहीत उतरवून घेतला, शेवटचा आकडा पुन्हा एकदा तपासला आणि म्हणाली, "मग सर, उद्यापासून डब्यात चतकोर भाकर जास्त आणते."